शस्त्रक्रियेच्या अलीकडचे आणि पलीकडचे दिवस (लेखांक ५)

गेल्या हप्त्यात स्तनातील गाठीची तपासणी, सुईने तुकडा घेऊन होणारे तिचे निदान आणि स्तन समूळ काढावा की राखावा या निर्णयाची चर्चा झाली. या हप्त्यात त्या निर्णयानंतरचा काळ घ्यावयाचा आहे. बेळगावच्या इस्पितळातून शस्त्रक्रियेची तारीख घेऊन लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीने गुंजीच्या स्थानकावर उतरलेल्या बाईच्या हाती बहुधा आठ-पंधरा दिवस असतात, आणि ते दिवस घरातील मंडळी चिंता करण्यात, माउलीदेवीला नवस बोलण्यात आणि भेटेल त्याचा सल्ला घेण्यात घालवितात. नवसास माझी काडीमात्र हरकत नाही. हरकत आहे ती एवढीच की, नवस बोलून झाल्यावर करावयाचे असे पुष्कळ काही उरते आणि ते कोणी करीत नाही. सर्जन आपले काम दोन-तीन तासांत उरकतो. ते काम टिकते की नासते हे मात्र आधीच्या पंधरवड्यावर आणि नंतरच्या सहा आठवड्यांवर फार अवलंबून असते, आणि तो सारा काळ इस्पितळाच्या नव्हे, तर घराच्या ताब्यातला असतो.

याला आपल्याकडचाच एक जुना दाखला आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यानजीकच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक दिले, आणि त्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आला. प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक या वृत्तान्तातील मेणाचा साचा आणि कपाळावरची ती सुबक कापणी यांचे गोडवे गातात, परंतु मला त्यातील उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. जखमेवर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या एकीवर एक बसवाव्या. चार दिवस त्यांना हात लावू नये. नंतर तुपात भिजविलेले फडके ठेवावे. रोग्यास पाच-सहा दिवस उताणे निजवावे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालाव्या. आणि कपाळाशी असलेला कातडीचा दुवा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तोडावा. त्या अनामिक कुंभाराला पक्के ठाऊक होते की, कातडी फिरविणे हे कौशल्य खरे, परंतु ती जगविणे हे रोज उठून करावयाचे काम आहे.

कातडी जगते ती तिच्यातील बारीक रक्तवाहिन्यांवर, आणि येथे आपल्या प्रदेशाच्या एका नाजूक जागी बोट ठेवणे प्राप्त आहे. निपाणीच्या तंबाखूवर या सीमाभागातील किती घरांच्या चुली पेटल्या आणि विडीच्या पानावर किती बायकांनी संसार ओढला, हे मी येथल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. पण तीच तंबाखू तव्यावर भाजून, कुटून, सकाळी दातांना लावली जाते आणि ‘आमची बाई कसले व्यसन करीत नाही’ असे सांगणाऱ्या घरातही मशेरीची डबी चुलीशेजारी असते. डॉक्टरने ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की बाई निःशंकपणे ‘नाही’ म्हणते, कारण मशेरी तिच्या लेखी तंबाखूत जमाच नाही. वस्तुतः निकोटिन धुरातून येवो की हिरड्यांतून शोषले जावो, ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. आणि स्तन काढल्यावर अथवा त्याचा आकार कमी केल्यावर जी कातडी ताणून शिवलेली असते, तिच्या कडांना आधीच रक्त बेताचेच पोचत असल्याने, ती कड काळी पडणे, टाके उसवणे, जखम आठवडेच्या आठवडे न भरणे हे सारे तिथून सुरू होते. यास्तव शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मशेरी, तपकीर, विडी, तंबाखूचे पान हे सर्व बंद असावे. कर्करोगाच्या बाबतीत यासाठी तारीख तहकूब करीत बसणे योग्य नाही. तेथे ज्या दिवशी तारीख मिळाली त्याच दिवशी डबी बंद करावी आणि डॉक्टरपाशी मशेरीचे नाव घेऊन सरळ बयान द्यावे. घरातील सासूबाई आणि जाऊबाई यांनीही तेवढे दिवस तिच्यासमोर मशेरी लावू नये, ही माझी त्यांना विनंती.

बाकीची तयारी थोडक्यात सांगता येईल. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणावी, रक्त कमी असल्यास ते आधीच भरून काढावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मताने बंद करू नयेत आणि लपवूही नयेत. गावठी काढे, चूर्णे चालू असतील तर तीही सांगावीत. बगल घरी वस्तऱ्याने साफ करून जाऊ नये, कारण वस्तऱ्याच्या न दिसणाऱ्या कापांतून जंतूंना वाट मिळते. ते काम इस्पितळात यंत्राने होते. जेवण शस्त्रक्रियेच्या सहा तास आधी थांबते आणि साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते, तथापि भूल देणारे डॉक्टर सांगतील तोच हुकूम. मंगळसूत्रावरून मात्र प्रत्येक घरात वाद होतो. रक्त थांबविण्यासाठी जे विजेचे उपकरण वापरले जाते, त्यामुळे अंगावरील धातूजवळ चटका बसण्याचा धोका असतो, आणि छातीच्या शस्त्रक्रियेत तर मंगळसूत्र ऐन वाटेतच येते. म्हणून ते आदल्या दिवशी घरीच, नवऱ्याच्या अथवा सासूच्या हाती, शांतपणे उतरवून द्यावे. ऐन वेळी दाराशी परिचारिकेने उतरवून घेतलेले मंगळसूत्र बाईच्या मनाला फार लागते.

कपड्यांचीही तजवीज आधी करावी. कित्येक दिवस हात डोक्यावर जात नाही, तेव्हा डोक्यातून घालावयाचा झगा उपयोगाचा नाही आणि मागे हुक असलेला ब्लाउजही नाही. आपल्या आज्या जी पुढे गाठ मारण्याची चोळी घालीत, ती या कामी इतकी सोयीची आहे की जणू त्यासाठीच बेतलेली असावी. फक्त खण नको, धुवट मऊ सुती कापड हवे आणि शिवण एक माप सैल हवी. अशा दोन चोळ्या तारखेआधी शिवून ठेवाव्या.

शस्त्रक्रियेच्या दिवसाविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती भारतातच सिद्ध झाली आहे. १९४१ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या सभोवती लिग्नोकेनचे, म्हणजे दात काढताना देतात त्याच जागा बधिर करण्याच्या औषधाचे, इंजेक्शन दिले होते. पाच वर्षांनंतर या स्त्रियांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या आणि इंजेक्शन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. औषध स्वस्त आहे आणि सर्वत्र मिळते. आपल्या सर्जनला याविषयी विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

शस्त्रक्रियेनंतर बाई शुद्धीवर येते तेव्हा तिच्या बगलेखालून एक नळी निघून तिच्या टोकाला दाबून बसविलेला फुगा असतो. याला सर्वजण ड्रेन म्हणतात, आणि घरी नेल्यावर घराला सर्वांत अधिक भय वाटते ते याचेच. आत साचणारा द्रव या नळीवाटे फुग्यात येतो. पहिल्या दिवशी तो तांबडा, मग फिकट गुलाबी आणि शेवटी पिवळसर होत जातो. सकाळ-संध्याकाळ हात साबणाने धुऊन फुगा मापाच्या पेल्यात रिकामा करावा, किती मिलिलिटर निघाले ते तारीख-वार वहीत लिहावे, फुगा पुन्हा दाबून बूच लावावे. इतकेच हे काम आहे आणि शाळेत जाणारी मुलगीही ते करू शकते. चोवीस तासांतील एकूण द्रव साधारण तीस मिलिलिटरच्या खाली आला की सर्जन नळी काढतो, आणि त्याचा निर्णय त्या वहीवरच ठरत असल्याने, ‘काल थोडेच आले होते’ अशी मोघम कैफियत तेथे चालत नाही. फुगा लोंबकळू न देता कापडाच्या लहान पिशवीत घालून कमरेला बांधावा. बगलेतील पहिली ग्रंथी शोधण्यासाठी निळा रंग टोचला असल्यास एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते. ही गोष्ट आधी न सांगितल्यामुळे रात्रभर जागी राहिलेली घरे आहेत.

यानंतरचा प्रश्न हाताचा, आणि येथे दोन्ही बाजूंनी चूक होते. एका घरात त्या हाताला इतके जपतात की बाई तो छातीशी धरून महिनाभर बसते, आणि खांदा आखडतो. दुसऱ्या घरात आठव्या दिवशी तिच्या कमरेवर घागर येते. दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडझाप करणे, कोपर वाकविणे, वेणी घालण्याचा प्रयत्न करणे सुरू व्हावे. नळी निघाल्यावर भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत जावे आणि रोज कुठवर हात गेला तेथे खडूची खूण करावी. यास केवळ सोय म्हणून पाहू नये: पुढे किरणोपचार द्यावयाचे असल्यास बाईला हात डोक्यावर घेऊन निश्चल पडावे लागते, आणि हात वर जात नसेल तर उपचारच अडतो. वजनाची बाब मात्र उलट आहे. बारा लिटरची भरलेली घागर म्हणजे बारा किलोहून अधिक भार. सहा आठवडे ती त्या हाताने उचलावयाची नाही, जाते-वरवंटाही नाही आणि दूध काढणेही नाही.

बगलेतील ग्रंथी काढल्या असल्यास त्या हाताकडून लसद्रव परत वाहण्याची वाट कायमची अरुंद होते, आणि काही स्त्रियांचा हात पुढे महिन्यांनी, वर्षांनीही सुजतो. गुंजीच्या पावसात रोपलावणीला गुडघाभर चिखलात वाकणाऱ्या, कुंपणाचे काटे सारणाऱ्या, विळ्याने गवत कापणाऱ्या बाईसाठी ही बारीक बाब नाही. तिने त्या हातात रबरी मोजा घालावा, ओरखडा उठल्यास लगेच साबणाने धुवावा, काकणे घट्ट भरू नयेत. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. म्हणूनच मी म्हणतो की, तारीख मिळताच घरातील कर्त्याने बसून कामांची वाटणी करावी: पाणी कोणाकडे, गोठा कोणाकडे, लावणीला मजूर कोण. ‘बघू, होईल’ म्हणून सोडून दिलेले प्रत्येक काम शेवटी तिच्याच अंगावर पडते.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडील पथ्ये नेमकी उलटी आहेत. आंबटाने जखमेत पू होतो, अंड्याने उष्णता वाढते, डाळीने वात होतो, असे म्हणत म्हणत बाईला पेजेवर ठेवले जाते, आणि जखम भरण्यास ज्या प्रथिनांची गरज असते तीच तिला मिळत नाहीत. अंडी, मासे, डाळ, उसळी, दूध, नाचणी, लिंबू, आवळा, सर्व चालते. पू होतो तो जंतूंमुळे. चिंचेच्या आमटीचा त्यात संबंध नाही.

रोगासाठी नव्हे, तर सोयीसाठी अथवा सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांनाही वरील बहुतेक नियम लागू आहेत. स्तनांच्या भाराने मान-खांदे धरलेल्या स्त्रीने आकार कमी करून घेणे यात लाजण्यासारखे काही नाही. तालमीत सदरा काढावयास संकोचणाऱ्या, छाती वाढलेल्या मुलाचेही तेच, त्याला फक्त चार-सहा आठवडे दाबपट्टा घालावा लागतो. परंतु येथे घाई नसते, म्हणून चौकशीला सवड असते. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. अथवा डी.एन.बी. पदवी आहे काय हे विचारावे. दारावरच्या ‘कॉस्मेटिक’ या पाटीला दस्तऐवजाचे मोल नाही. कृत्रिम स्तन बसविला असेल तर तो आयुष्यभराचा नसतो, आणि त्याचा क्रमांक असलेले कार्ड जमिनीच्या उताऱ्याइतके जपून ठेवावे. व्रण पहिले काही महिने लाल व उंच दिसतो, तो फिका पडण्यास वर्ष लागते. तोवर आरशाचा निकाल अंतिम मानू नये.

खर्चासाठी कर्नाटक शासनाच्या आरोग्य योजनेची कागदपत्रे तारखेपूर्वीच पुरी करावीत. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला, तिचा लाभ कोणत्या इस्पितळात मिळेल याचीही चौकशी करावी. सीमेवरून दोन सरकारांचा वाद चालू राहील. बाईची तारीख त्यासाठी थांबविता कामा नये.

शेवटी एक ताकीद. घरी आल्यावर शस्त्रक्रियेची बाजू अचानक फुगून ताठ झाली, फुगा तांबड्या रक्ताने भराभर भरू लागला, ताप १०१ अंशांवर गेला, जखमेतून पू आला, कातडीची कड काळी पडू लागली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली अथवा धाप लागली, तर सकाळच्या गाडीची वाट पाहू नये. रात्र असली, पाऊस असला, तरी वाहन करून निघावे आणि ती वही बरोबर घ्यावी.