तिसवाडी बेटे

गोवा राज्याच्या उत्तर गोवा जिल्ह्यातील, मांडवी व जुवारी नद्यांच्या मुखांजवळील बेटांचा समूह. यातील मुख्य बेट तेच तिसवाडी किंवा गोवे बेट. त्याच्या उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा आहे. पणजी, रायबंदर व जुने गोवे ही स्थळे याच बेटावर वसली आहेत. मांडवीच्या पात्रात दिवाडी, चोडण, कुंभारजुवे, जुवे (सांत इस्तेव्ह) व वांशी ही लहानमोठी बेटे आहेत. परंपरेनुसार तीस वस्त्यांवरून ‘तिसवाडी’ हे नाव पडले. पोर्तुगीज या प्रदेशास नुसते ‘इल्याश’ म्हणजे ‘बेटे’ म्हणत.

कुंभारजुवे कालवा सु. १५ किमी. लांबीचा आहे. त्यास कालवा म्हणत असले, तरी तो खोदलेला नसून भरती-ओहोटीची नैसर्गिक खाडी आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचून ते वाहतुकीस बंद होई, तेव्हा खनिज लोह वाहून नेणाऱ्या बार्जेस या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठीत. त्याच्या मचूळ पाण्यात मगरी राहतात. गोड्या पाण्यातील या प्राण्याचा येथील आढळ अभ्यासकांना विशेष वाटतो.

जुने गोवे १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून घेतले. मिऱ्यांचा व मसाल्यांचा व्यापार जलमार्गाने लिस्बनकडे वळल्यावर अलेक्झांड्रियामार्गे होणाऱ्या व्हेनिसच्या व्यापाराला हादरा बसला. पाण्यावर उभे राहिलेले एक शहर अशा रीतीने पाण्याने वेढलेल्या दुसऱ्या शहराचे स्पर्धक ठरले. रोगराईमुळे जुने गोवे पुढे ओस पडत गेले व १८४३ मध्ये राजधानीचा दर्जा पणजीस मिळाला. पणजी व रायबंदर यांमधील सु. ३ किमी. लांबीचा दगडी सेतुमार्ग काँद द लिन्यारीश या व्हाइसरॉयच्या काळात, १६३३-३४ मध्ये, खाजणांवरून बांधला गेला. त्यावरून आजही वाहतूक चालते. जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंचा समावेश १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळांत झाला. प्रवासी बहुधा त्या पाहून परततात. पलीकडच्या तीरावरील बेटे मात्र त्यांच्या पाहण्यातून सुटतात.

दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचे मूळ मंदिर होते. कदंब राजांचे हे दैवत. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकात, मंदिर पाडले गेल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, त्याचा शिलालेख तेथे आहे. दिवाडीवरील टेकडीवर पिएदाद हे चर्च असून त्याच्या आवारातून मांडवीचे फाटे, शेते व समोरच्या तीरावरील जुन्या गोव्याचे मनोरे एका दृष्टिक्षेपात येतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी येथे ‘बोंदेरां’ हा निशाणांचा उत्सव भरतो. वाड्यावाड्यांमधील शिवेच्या तंट्यांतून तो उद्भवला, असे सांगतात.

कुंभारजुवे येथील शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण ही देवी स्थलांतरित होऊन माशेल येथे प्रतिष्ठित झाली. पाण्याशी या गावाचे नाते मात्र अद्याप टिकून आहे. गणपतिविसर्जनाच्या वेळी दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर मंच उभारतात व पौराणिक देखावे मांडून ते कालव्यातून मिरवितात. यास ‘सांगोड’ म्हणतात. व्हेनिसच्या जलोत्सवांची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे, पण त्याचे कूळ पूर्णतः येथलेच आहे. चोडण बेटाच्या पश्चिम टोकास सु. १·७८ चौ. किमी. क्षेत्राचे कांदळवन असून ते १९८८ मध्ये सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले.

या सर्व बेटांचे जीवन ज्यावर उभे आहे, ती व्यवस्था म्हणजे खाजण. पूस किंवा पैनगंगेच्या खोऱ्यात, पुसदसारख्या ठिकाणी, बांध म्हणजे पाणी अडवून ते शेतास देणारा. खाजणाचा बांध पाण्याला शेताबाहेर ठेवतो. भरतीच्या पातळीखालील जमीन माती, गवताचा पेंढा व जांभा दगड यांच्या बांधाने वेढून घेतात आणि बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी झडपांचे दार बसवितात. ओहोटीस आतल्या पाण्याच्या दाबाने झडपा उघडून पावसाचे पाणी निघून जाते. भरतीस बाहेरील दाबाने त्या आपोआप मिटतात. त्यास माणूस लागत नाही व इंधनही लागत नाही. पावसाने क्षार धुऊन निघाले की ‘कोरगुट’ हा खारेपणा सोसणारा भात पेरतात. पीक निघाल्यावर खारे पाणी आत घेऊन मासे धरतात, काही ठिकाणी मीठ पिकवितात. व्हेनिसने आपल्या खारकच्छाच्या तीन मुखांशी ७८ यांत्रिक दरवाजे बसविले व ते २०२० मध्ये प्रथम भरतीविरुद्ध उभे केले. तत्त्व एकच आहे, खर्चात व गुंतागुंतीत मात्र तुलना नाही.

बांधांची देखभाल पूर्वी गावकरीकडे, म्हणजे जमीन सामाईक बाळगणाऱ्या ग्रामसंस्थेकडे असे. शेते व मानशीवरील मासेमारी यांच्या लिलावाचे उत्पन्न तिला मिळे. या संस्थांचे रूढ नियम पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत नोंदवून मान्य केले. १९६४ च्या कुळकायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. कूळ जमिनीचे धनी झाले हे न्याय्यच होते, परंतु खेकड्याचे बीळ वेळीच बुजविण्याची सामूहिक तत्परता सर्वत्र टिकली नाही. बार्जेसच्या लाटांनीही बांध झिजले. एकदा खिंडार पडून खारे पाणी आत आले, की एका शेताचे नव्हे, तर बांधामागील सगळ्या शेतांचे पीक जाते. पडीक खाजणात काही वर्षांत कांदळ उगवते, मग ते कायद्याने तोडता येत नाही व शेत परत मिळणे दुरापास्त होते. मासळीच्या अधिक मोबदल्यासाठी खारे पाणी मुद्दाम आत ठेवण्याचे प्रकारही झाले आहेत. बेटांचा प्रश्न आज मुख्यतः हाच आहे.

दिवाडीस जाण्याचा रूढ मार्ग फेरीबोटीचाच आहे. जुने गोवे व रायबंदर येथून बोटी सुटतात. चोडणला रायबंदरहून जाता येते. मुलाबाळांसह जाणाऱ्यांना दोन दिवस पुरतात : पहिल्या दिवशी दिवाडी व नार्वे, दुसऱ्या दिवशी चोडणचे अभयारण्य व कुंभारजुवे कालव्यातील होडीची फेरी. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने अनुकूल असतात. मानस पाहावयाची असल्यास पावसाळ्यात, ओहोटी लागण्याच्या सुमारास बांधावर जावे. त्या वेळी झडपा उघडून शेतातील पाणी नदीत कोसळताना दिसते.