सेलिनुंटे कसं पाहावं

गेल्या खेपेला आपण ग्रीक देवळाचे भाग पाहिले. खांब कसा रचतात, त्याचा माथा, वरची तुळई वगैरे. आज तेच सगळं जमिनीवर पडलेलं पाहायचं आहे.

सिसिली बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर सेलिनुंटे नावाची जागा आहे. जुनं ग्रीक नाव सेलिनूस. बाजारात सेलरी मिळते ना, तिची रानटी बहीण तिथल्या नदीकाठी उगवायची, तिच्यावरून हे नाव पडलं. गावाच्या नाण्यांवरही तेच पान आहे. समुद्राला लागून एक पठार, त्यावर बालेकिल्ला आणि काही देवळं. मधे एक खोलगट भाग, पूर्वी तिथं बंदर होतं, आता गाळानं भरलंय. पलीकडच्या पूर्वेच्या टेकाडावर आणखी तीन देवळं. यांना ए, सी, ई, जी अशी अक्षरं दिली आहेत, कारण बहुतेकांत कोणता देव होता ते ठामपणे सांगता येत नाही.

इथं 'वसाहत' या शब्दापाशी थोडं थांबू. वसाहत म्हटलं की आपल्याला गव्हर्नर, सैन्य, सारा आठवतो. ग्रीक शब्द आहे 'आपोइकिया', म्हणजे घरापासून दूर केलेलं घर. मूळ गावातून माणसं निघायची, पण नवं गाव मूळ गावाच्या हुकमात नसायचं. नातं राहायचं ते देवांचं, बोलीचं, रीतिरिवाजांचं. अथेन्सजवळच्या मेगारातून लोक सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर आले, त्यांनी मेगारा हिब्लाया वसवलं. तिथून शंभर वर्षांनी, साधारण इ. स. पू. ६२८ च्या सुमारास, सेलिनूस निघालं. थ्युसिडिडीज सांगतो की या कामासाठी मूळ मेगाराहून पामिलोस नावाचा माणूस आला होता. म्हणजे नव्या घराच्या पायाभरणीला आजोळचा माणूस! अर्थात जमीन काही रिकामी नव्हती. उत्तरेला सेजेस्टाचे एलिमियन लोक होते, पश्चिमेला फिनिशियन. ते पुढं महागात पडलं.

आता पाहायचं कसं? बहुतेक पर्यटक आधी ई देऊळ गाठतात. ते उभं आहे, फोटो छान येतो. पण ते देऊळ विसाव्या शतकात, १९५० च्या दशकात, पडलेले दगड गोळा करून पुन्हा उभं केलंय. त्यावर तज्ज्ञांत वाद झाले. मला स्वतःला ते पाहून आनंदच झाला, पण ते अडीच हजार वर्षं असंच उभं आहे असं समजून परत येऊ नका. सेलिनुंटेत तीन तऱ्हेचे दगड आहेत: पडलेले, परत उभारलेले आणि कधी उभेच न राहिलेले. तिन्ही पिवळट, तिन्ही झिजलेले. फरक आपणच ओळखायचा.

म्हणून माझा सल्ला, आधी खाणीत जा. दहा-बारा किलोमीटरवर कावे दि कूसा ही दगडाची खाण आहे, कांपोबेल्लो दि मात्सारा गावाजवळ. ऑलिव्हची झाडं, गवत आणि मधेच कातळातून वर आलेले प्रचंड गोल दगड. हे खांबांचे तुकडे. खांब म्हणजे दगडी उतरंडच, एकावर एक गोल तुकडे चढवलेली. ते कातळातून कसे काढत तेही तिथंच दिसतं. आधी वर्तुळ आखायचं, मग त्याच्याभोवती माणूस उभा राहून छिन्नी चालवू शकेल एवढा अरुंद चर खणत खाली जायचं, शेवटी बुडातून तोडायचं. इथं प्रत्येक पायरीचा दगड आहे. नुसतं वर्तुळ आखलेला आहे, अर्धा चर खणलेला आहे, पूर्ण मोकळा झालेला आहे, आणि देवळाच्या वाटेला लागून मधेच राहिलेलाही आहे. मी एका चरात उतरलो होतो. दोन्ही खांदे दगडाला लागत होते आणि छिन्नीच्या रेघा नाकासमोर.

यातले मोठे तुकडे जी देवळासाठी होते. ते देऊळ इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. पुढं आठ खांब, बाजूला सतरा, लांबी जवळजवळ ११० मीटर, खांब सोळा मीटरच्या आसपास उंच. काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि पुरं झालंच नाही. ते कसं कळतं? खांबांवरच्या उभ्या पन्हळ्या खांब चढवून झाल्यावर कोरत. इथं बरेचसे खांब गुळगुळीतच आहेत. एक खांब १८३२ साली पुन्हा उभा केला, त्याला स्थानिक लोक म्हातारीची टकळी म्हणतात. (हशा) ढिगाऱ्याच्या मधोमध एकटी टकळी!

काम थांबलं इ. स. पू. ४०९ मध्ये. सेजेस्टाशी हद्दीचं भांडण जुनंच होतं. सेजेस्टानं आधी अथेन्सला बोलावलं, त्या मोहिमेचा सिराक्यूजसमोर धुव्वा उडाला. मग त्यांनी कार्थेजला बोलावलं. हॅनिबल आला. हत्तींवाला नव्हे, त्याच्या दोनशे वर्षं आधीचा. डायोडोरस लिहितो, नऊ दिवस वेढा चालला, बायका-मुली तटावर अन्न आणि शस्त्रं पोचवत होत्या, १६,००० मेले, ५,००० धरले गेले, २,६०० निसटले. तो जवळजवळ चारशे वर्षांनंतर लिहीत होता, तेव्हा आकडे जपून घ्या. पण खाणीतले ते दगड पाहिल्यावर वेढ्याची घाई खरी वाटते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ही सगळी देवळं कार्थेजच्या सैन्यानं पाडली असं सर्रास सांगतात. पुरावा भूकंपाकडे बोट दाखवतो. खांबांचे तुकडे ओळीनं, एकाच दिशेला कलंडलेले दिसतात. उतरंड धक्क्यानं पडली की मडकी जशी पडतात तसे. बालेकिल्ल्यावर सी देवळाजवळ तर बायझंटाइन काळातली वस्ती होती, ती या पडझडीखाली चिरडली गेली. म्हणजे वेढ्यानंतरही शेकडो वर्षं ते देऊळ उभंच होतं.

त्या निसटलेल्या २,६०० लोकांचं काय झालं, असं मघाशी कुणीतरी विचारलं. ते अक्रागासला, म्हणजे आजच्या अग्रिजेंतोला पोचले. तिथल्या लोकांनी सरकारी खर्चानं धान्य वाटलं आणि घरोघरी त्यांची सोय केली. पुढल्या एक-दोन वर्षांत हर्मोक्रेटिस या सिराक्यूजच्या सेनानीनं काहींना परत आणून तटबंदी दुरुस्त केली, पण जी देवळाचं काम कुणी पुन्हा हाती घेतलं नाही. आणि अक्रागास? तिथं तीन वर्षांनी तेच कार्थेजचं सैन्य पोचलं. त्याबद्दल पुढच्या वेळी.