किलिमांजारोच्या तयारीत दमापेक्षा दिवसांना महत्त्व

आफ्रिका खंडातील सर्वोच्च शिखर म्हणून ओळखला जाणारा टांझानियातील किलिमांजारो हा मुळात ज्वालामुखी पर्वत आहे. किबो, मावेन्झी आणि शिरा या तीन ज्वालामुखींपासून तो बनला असून, किबोच्या मुखाच्या कडेवर ५,८९५ मीटर उंचीचे उहुरू शिखर आहे. १८८९ मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी ते प्रथम सर केले. नेहमीच्या मार्गांवर दोरखंडाची गरज नाही आणि मुक्कामही आठवड्याभराचाच. त्यामुळे सह्याद्रीत भटकंती करणाऱ्या अनेकांना हे शिखर आवाक्यातले वाटते. ते तसे आहेही; मात्र येथे खरी परीक्षा पायांची नसून विरळ हवेची असते.

महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर आहे. किलिमांजारोच्या मरांगू मार्गाचे प्रवेशद्वारच त्याहून उंचावर आहे. उहुरू शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असल्याने प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. त्याच्याशी जुळवून घेण्यास शरीराला वेळ लागतो. व्यायामाने दम वाढतो. पण हा वेळ कमी होत नाही. उलट धडधाकट तरुण वेगाने चढतात आणि लवकर आजारी पडतात, असेही घडते.

पाच दिवसांचे गणित

तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. मरांगू मार्गावरील पाच दिवसांच्या सहलीत पहिला मुक्काम मंदारा येथे २,७२० मीटरवर, दुसरा होरोंबो येथे ३,७२० मीटरवर, तर तिसरा किबो झोपडीत सुमारे ४,७०० मीटरवर असतो. म्हणजे रोजची वाढ हजार मीटरच्या घरात जाते आणि त्याच मध्यरात्री शिखराची चढाई सुरू होते. होरोंबोला एक मुक्काम वाढवला की शरीराला थोडी उसंत मिळते. माचामे मार्गाने सात किंवा लेमोशो मार्गाने आठ दिवस घेणे त्याहून हितावह. माचामे मार्गावर दिवसा ४,६०० मीटरच्या आसपासच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून रात्री बारांको येथे सुमारे ३,९५० मीटरवर उतरता येते. पैसे वाचवायचेच असतील, तर ते अन्यत्र वाचवावेत; दिवस कमी करून नव्हे.

सराव आणि सामान

सरावासाठी किमान तीन महिने हाती असावेत. पाठीवर सात-आठ किलोंचे ओझे घेऊन जिने चढणे आणि लागोपाठ दोन दिवस डोंगरात चालणे उपयुक्त ठरते. शिखराच्या दिवशी चढ-उतार मिळून बारा तासांहून अधिक चालावे लागत असल्याने उतरण्याचाही सराव हवा. बूट आधीच पायाला सवयीचे झालेले असावेत.

शिखराजवळ रात्रीचे तापमान उणे १५ अंशांपर्यंत उतरू शकते. सुती कपडे घामाने ओले राहतात. त्याऐवजी लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर घालावेत. डोक्याला बांधायचा दिवा, जादा बॅटऱ्या, गडद चष्मा आणि जाड हातमोजे विसरू नयेत. नळीच्या पिशवीतील पाणी गोठते, म्हणून बाटली सोबत ठेवावी. टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे, याचेही भान ठेवावे.

हृदयविकार, मधुमेह, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषध त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीचे नियम तपासावेत. लसीचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरले जाते.

केव्हा परतावे?

डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि झोप न येणे ही पहिली लक्षणे. ती दिसताच आणखी चढू नये. वाढल्यास खाली उतरावे. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही मेंदूला सूज आल्याची, तर बसल्या जागी धाप लागणे ही फुप्फुसांत पाणी साचल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीच खाली उतरणे हाच मुख्य उपाय. लक्षणे लपवणे जिवावर बेतू शकते.

या उद्यानात परवानाधारक मार्गदर्शकाविना चढाई करता येत नाही. ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, हा स्वाहिली शब्द त्याच्या तोंडी वारंवार ऐकू येतो. तो मानावा आणि त्याने परत फिरण्यास सांगितले, तर वाद घालू नये. सहल ठरवतानाच आयोजकाला चार प्रश्न विचारावेत: एकूण दिवस किती? सोबत प्राणवायूची टाकी आहे का? आजारी व्यक्तीला खाली कोण व कसे आणणार? भारवाहकांना उबदार कपडे, पुरेसे अन्न आणि रास्त मजुरी मिळते का? आपला विमा सहा हजार मीटरपर्यंतच्या सुटकेचा खर्च देतो का, हे मात्र विमा कंपनीकडूनच लेखी घ्यावे. या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाल्यावरच तिकीट काढावे.