चार मुलें आणि एक पाणबुडें यंत्र

गेल्या वर्षीं आमच्या घरांत एक लहानसा प्रसंग घडला. माझ्या पुतण्याच्या मुलास शाळेच्या प्रदर्शनासाठीं एक चालतें यंत्र करून न्यावयाचें होतें. बाजारांतून साहित्याची तयार पेटी आली. पुतण्यानें दोन रात्री जागून तारा जोडल्या. त्याच्या धाकट्या भावानें संगणकाची आज्ञावली लिहिली. आणि घरांतला वडील माणूस म्हणून मीं सूचना केल्या. चिरंजीव पलंगावर बसून मधून मधून जांभया देत होते. प्रदर्शनाच्या दिवशीं यंत्र ठाकठीक चाललें. परंतु परीक्षकांनीं सहज विचारलें, "बाळ, भिंतीजवळ आल्यावर हें थांबतें तें कशामुळें?" तेव्हां चिरंजीवांनीं मागें वळून वडिलांकडे पाहिलें. त्या एका दृष्टिक्षेपानें आम्हां तिघांची जी शोभा झाली ती सांगण्यासारखी नाहीं. तरी सांगितली; कारण हा प्रकार केवळ आमच्याच घरीं घडत असेल असें मला वाटत नाहीं.

'रोबो' म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पत्र्याचा माणूस उभा राहतो. हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यानें आपल्या १९२० सालच्या नाटकांत प्रथम योजिला. सुचविला मात्र त्याचा भाऊ योसेफ यानें, आणि त्याच्या मुळाशीं वेठीच्या कामाचा अर्थ आहे. मुलें जें यंत्र करतात त्यास नाकडोळे असण्याची कांहीं गरज नसते. भोंवतालचें कांहीं जाणणें, त्यावरून निर्णय करणें आणि त्याप्रमाणें हलणें, एवढें साधलें कीं पुरें. समजा, जमिनीवर काळ्या पट्टीची वळणावळणाची वाट आंखली आहे व लहानशा गाडीनें तिच्या कडेकडेनें जावें अशी इच्छा आहे. गाडीच्या पोटाशीं एक दिवा व प्रकाश मोजणारा एक डोळा बसवितात. पांढऱ्या फरशीवरून पुष्कळ प्रकाश परत येतो, काळ्या पट्टीवरून थोडा. थोडा आला तर डावीकडे वळ, पुष्कळ आला तर उजवीकडे वळ, एवढीच आज्ञा. गाडी चालते खरी, पण झिंगलेल्या माणसासारखी झोकांड्या खात! मग मुलाच्या ध्यानांत येतें कीं, चूक थोडी असेल तर थोडें वळावें, अधिक असेल तर अधिक. ज्यानें ही गोष्ट अशी हातानें शोधून काढली त्याला प्रमाणाचें गणित पुन्हा फळ्यावर शिकविण्याचे श्रम फारसे पडत नाहींत.

या शिक्षणाचा एक मोठा पुरस्कर्ता सेमर पॅपर्ट. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेंतला गणिती, पुढें अमेरिकेंतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेंत प्राध्यापक झाला. लहानपणीं त्याला दंतचक्रांचें अतोनात वेड होतें, व गुणाकार समजला तो त्या चक्रांच्या रूपानें, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. १९६७ च्या सुमारास त्यानें सहकाऱ्यांसह मुलांसाठीं 'लोगो' ही संगणकाची भाषा रचिली. तिच्या आज्ञांनीं एक यांत्रिक कांसव जमिनीवर चाले व रेघा काढी. कांसव भलतीकडे गेलें तर मूल रडत नसे. आज्ञेंत चूक कोठें तें शोधी. शाळेंतल्या चुकीस लाल शाईची फुली मिळते, येथें मात्र चूक म्हणजे पुढचें काम.

पुढें या कामास सामन्यांचें स्वरूप आलें. डीन केमेन या संशोधकानें १९८९ सालीं 'फर्स्ट' नांवाची संस्था काढिली. खेळाडू व नटनट्या यांच्यासारखेच शास्त्रज्ञही मुलांना वीर वाटावेत, ही त्याची तळमळ. १९९२ सालीं न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेंत पहिला सामना झाला तेव्हां २८ संघ आले होते. आतां देशोदेशींचे संघ येतात. सामना जेमतेम अडीच-पावणेतीन मिनिटांचा. प्रारंभींचे कांहीं क्षण यंत्रास मुलांच्या हस्तक्षेपावांचून चालावें लागतें. तीन तीन संघांची जूट करून खेळवितात, आणि आतांचा प्रतिपक्षी पुढच्या सामन्यांत आपला जोडीदार होतो. त्यामुळें दुसऱ्याचा स्क्रू हरवला तर आपला देण्याची संवय लागते. या सौजन्याचा आग्रह एम.आय.टी.चे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनीं अखेरपर्यंत धरिला. ते २०१९ सालीं वारले.

पण या सर्व इतिहासापेक्षां मला एकच हकीकत अधिक मोलाची वाटते, ती अमेरिकेंतील फीनिक्स शहराची. तेथें कार्ल हेडन नांवाची शाळा आहे. वस्ती गरिबीची, विद्यार्थी बहुतेक मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांतले. फ्रेडी लाज्वर्दी व ॲलन कॅमरन या दोन शिक्षकांनीं तेथें यंत्रांचा संघ चालविला होता. २००४ सालीं पाण्याखालीं चालणाऱ्या यंत्रांचा एक सामना सँटा बार्बरा येथें व्हावयाचा होता. संघांत चार मुलें. चौघेही लहानपणीं आईबापांबरोबर सरहद्द ओलांडून आलेले. कोणाजवळही त्या देशांत राहण्याचा कायदेशीर कागद नाहीं. शिक्षकांनीं त्यांचें नांव शाळांच्या गटांत न घालतां महाविद्यालयांच्या गटांत घातलें. विचार असा कीं, थोरांशीं हरलों तर त्यांत लाज ती कसली!

यंत्राचा सांगाडा त्यांनीं नळकामाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या चिकटवून केला. त्या डिंकाचा वास असा उग्र कीं यंत्राचें नांवच 'स्टिंकी' पडलें. आपण त्याला 'घाणेऱ्या' म्हणूं. सगळा खर्च सुमारें ८०० डॉलर. प्रतिस्पर्ध्यांत एम.आय.टी.चा संघ होता, आणि त्याच्या यंत्रास याच्या दहापटींहून अधिक पैसा लागला होता. सामन्यास आल्यावर पाहतात तों विजेचे भाग ठेवलेल्या पेटींत पाणी झिरपतें आहे. नवी पेटी करण्यास वेळ नाहीं. आंत शिरलेलें पाणी शोषून घेईल असें कांहीं हवें. तेव्हां त्यांना सुचलें तें हें: स्त्रिया मासिक अडचणीच्या वेळीं वापरतात त्या कापसाच्या गुंडाळ्या. त्यांतला एक मुलगा लाजेनें अर्धमेला होऊन दुकानांत गेला, तेथील एका बाईस खरें काय तें सांगून चांगल्यांतल्या चांगल्या गुंडाळ्या कोणत्या हें विचारून घेऊन आला. त्या पेटींत कोंबल्या, आणि घाणेऱ्या पाण्यांत उतरला. सभ्य मासिकांत ही गोष्ट लिहावी कीं नाहीं याचा मीं विचार केला. पण जें साधन कामास आलें त्याची लाज लेखकानें तरी कां धरावी?

तळाशीं ठेवलेल्या पिंपांतून द्रवाचा नमुना आणणें हें एक अवघड काम होतें. तें या मुलांनीं लहानसा पंप व फुगा वापरून केलें. तोंडी परीक्षेंत त्यांच्याजवळ झगमगीत चित्रपट्ट्या नव्हत्या. विचारलें त्याचीं उत्तरें चौघांनींही सरळ दिलीं, कारण यंत्राचा प्रत्येक तुकडा त्यांच्या हातांखालून गेला होता. बक्षीससमारंभांत आरंभीं एक विशेष पारितोषिक मिळालें. मुलांना वाटलें, हें आपलें सांत्वन. मग रचनेचें मिळालें. मग लेखी अहवालाचें मिळालें, आणि तेंही ज्यांच्या घरीं इंग्रजी बोलत नाहींत अशा मुलांस! शेवटीं पहिल्या क्रमांकाचें नांव पुकारलें तेंही त्यांचेंच. एम.आय.टी. दुसरी आली.

येथें गोष्ट संपली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु कागद नव्हते ते नव्हतेच. २००६ सालीं ॲरिझोनाच्या मतदारांनीं असा कायदा संमत केला कीं, अशा विद्यार्थ्यांस राज्यांतील सवलतीची फी व सरकारी मदत मिळूं नये. एकाचें महाविद्यालय त्यापायीं सुटलें. दोघे स्वयंपाकाच्या धंद्यांत शिरले. एकानें यंत्रशास्त्राची पदवी २००९ सालीं मिळविली, कायदेशीर परत येतां यावें म्हणून तो आपण होऊन मेक्सिकोस गेला, तेथें अडकून पडला; पुढील वर्षीं परवानगी मिळाल्यावर परतून सैन्यांत भरती झाला. त्यांच्यावर पुस्तक निघालें, २०१५ सालीं चित्रपटही निघाला. बुद्धि सिद्ध करून दाखविल्यावरही तिला जागा देणें न देणें समाजाच्या हातीं राहतें, हें मला त्या चित्रपटापेक्षां अधिक लागून राहिलें. अफगाणिस्तानच्या हेरात येथील मुलींचा संघ २०१७ सालीं वॉशिंग्टनला निघाला तेव्हां त्यांनाही प्रवासाची परवानगी दोनदां नाकारली गेली होती. अखेर त्या गेल्या, व धैर्याबद्दलचें रौप्यपदक घेऊन आल्या.

आपल्याकडे हें वारें आलें नाहीं असें नाहीं. आशियाई महाविद्यालयांचा 'रोबोकॉन' हा सामना २००८ सालीं पुण्यांत भरला तेव्हां त्याचा विषय गोविंदा व लोण्याची हंडी हा होता, आणि परदेशच्या मुलांचीं यंत्रें कृष्णलीला करतांना लोकांनीं पाहिलीं. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. निवडलेल्या शाळेस वीस लक्ष रुपयांपर्यंत अनुदान मिळतें. खोली, पेट्या, फलक सर्व येतें. मला शंका आहे ती आपल्या घरांची. पाटीपुस्तकाचा मान आपल्यांत पिढीजात. मात्र मुलानें पान्हा हातीं घेतला कीं "राहूं दे, हात काळे होतील" असें कोणीतरी म्हणतेंच, आणि मुलगी असेल तर दोघे म्हणतात. मग स्पर्धा आली कीं तोच पान्हा बाप घेतो.

यंदा आम्हीं तिघांनीं तयार पेटी न आणण्याचा व यंत्रास हात न लावण्याचा नेम केला आहे. तो पाळणें फार कठीण जातें. जुन्या छत्रीच्या काड्या, एक मोडका पंखा व पुठ्ठा एवढ्यावर चिरंजीवांची गाडी चालली आहे. त्यांची धाकटी बहीण तारा सोलून देते व मधून मधून भांडते. परवां ती गाडी थेट देवघरांत शिरून आजीच्या पाटावर आदळली. आजी रागावल्या नाहींत; त्यांनीं विचारलें, "मेल्या, ही वळत कां नाहीं रे?" यावर बहीणभावांनीं पाऊण तास वाद घातला, आणि गाडी अजून उजवीकडे वळत नाहीं.