घोड्याच्या नाकातील बुरशी
माथेरानमध्ये घोड्यावर अनेक घरांची चूल पेटते. म्हणून त्याच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित स्राव येऊ लागल्यास साधी सर्दी समजून प्रतिजैविके देत राहणे घातक आहे, कारण हा स्राव बुरशीमुळेही असू शकतो आणि बुरशीवर ती चालत नाहीत. एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा बसवलेली लवचीक नळी, आत घालून व्रण पाहतात आणि त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान पक्के करतात. ॲस्परजिलस बुरशी असल्यास बुरशीनाशक औषध थेट व्रणावर सोडतात. भारतात आढळणाऱ्या ऱ्हायनोस्पोरिडिओसिस या रोगात मात्र, ज्याचा जंतू पूर्वी बुरशी मानला जाई, पांढऱ्या ठिपक्यांचा लालसर कोंब मुळासकट कापून तळ डागावा लागतो. घशालगतच्या हवेच्या पिशवीत बुरशीने धमनी पोखरली, तर घोडा रक्तस्रावाने दगावू शकतो. नाकातून रक्त दिसताच घोडेवाल्यांनी पशुवैद्यक गाठावा.