यंत्र मिळाले, पुढे?

अंतर्कर्णाचा बहिरेपणा म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या, शंखाकृती भागातला बिघाड. अडीच वेढ्यांच्या या शंखात सुमारे 15,000 केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात, त्या हालचालीचा विद्युत संदेश होतो आणि तो नसेवाटे मेंदूकडे जातो. माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे कानात कोमट तेल घालून किंवा मळ काढून हा बहिरेपणा हटत नाही. मधल्या कानात पाणी साठून येणारा बहिरेपणा वेगळा, तो बहुधा बरा होतो. पाचगणीसारख्या थंड आणि पावसाळ्यात ओलसर गावात सतत शेंबूड वाहणाऱ्या मुलाला हे दोन्ही एकाच वेळी असू शकतात. मग ‘सर्दी गेली की ऐकेल’ म्हणता म्हणता वर्ष निघून जाते.

कारणे अनेक आहेत. गरोदरपणातला रुबेला, जन्मानंतर लगेच झालेली जबर कावीळ, मेंदूज्वर, जंतुसंसर्गावरची काही इंजेक्शने. निम्म्याहून अधिक बाल-बहिरेपण टाळता येण्याजोगे असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 पासून गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली, तिचा हाही एक उद्देश होता. उरलेल्यांत आनुवंशिक कारणांचा वाटा मोठा आणि त्यात जीजेबी-2 या जनुकाचा दोष सर्वांत परिचित. आईबाप दोघांकडे दोषाची एकेक प्रत असेल तर दोघांनाही नीट ऐकू येते, पण प्रत्येक गरोदरपणात मूल बहिरे जन्मण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत सातारा-सांगलीकडे अजून मोडलेली नाही आणि अशा घरांत हा योग जास्त वेळा जुळतो. ‘आमच्या घराण्यात कुणी बहिरे नाही’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. दहांपैकी नऊहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात.

ओळखण्यात सगळी गफलत होते. मुलाच्या मागे ताट वाजवायचे आणि ते वळले की हायसे वाटून घ्यायचे, ही घरगुती परीक्षा. ताटाचा दणका मोठा असतो, त्याचा हादरा अंगाला जाणवतो, शिवाय ताट वाजवणाऱ्या आजीची सावली हलते. त्याहून फसवे म्हणजे अर्धवट ऐकू येणे. बऱ्याच मुलांत खालच्या पट्टीचे आवाज शाबूत असतात आणि वरच्या पट्टीचे गेलेले असतात. ‘आई’ नुसत्या स्वरांचा आणि ‘बाबा’ खालच्या पट्टीतला, म्हणून हे शब्द त्यांच्यापर्यंत पोचतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ पोचत नाहीत. मूल ‘आई’ म्हणते, घर निश्चिंत होते, आणि ‘ससा’चा ‘अआ’ होतो तेव्हा बोबडेपणाचे कौतुक चालते. पुढे ‘मुलगे उशिराच बोलतात’, मग वेखंड उगाळून चाटवणे, पोपटाचा उष्टा पेरू, नवस. यातले काहीच क्रूर हेतूने होत नाही, पण मेंदूचे घड्याळ थांबत नाही.

त्या घड्याळाचा हिशेब जगभर 1-3-6 असा मांडतात: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. चाळणीसाठी ओएई. डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवून दिले की निरोगी कान स्वतःच अगदी बारीक आवाज परत पाठवतो. तोच आवाज ही तपासणी टिपते. पक्क्या निदानासाठी बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात हे मोजणारी तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून झाली, आणि त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात. पण अंगणवाडीत मूल येईपर्यंत सहा महिन्यांची रेघ कधीच ओलांडलेली असते.

बेरासाठी मूल गाढ झोपलेले लागते. म्हणून आदल्या रात्री त्याला जागवायचे, सकाळी झोपू द्यायचे नाही. पाचगणीहून साताऱ्याची एसटी धरली की पसरणी घाटाच्या वळणांवर पोर मांडीवर गाढ झोपते आणि स्टँडवर उतरताना टक्क जागे होते. मग झोपेचे औषध, वाट पाहणे, कधी पुढची तारीख. तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी ठरलेल्या दिवशी का होऊ नये, हे कोडेच आहे.

3 मार्चचा जागतिक श्रवण दिन आला की शिबिरांचे आणि श्रवणयंत्रांच्या वाटपाचे फोटो छापून येतात. यंत्रे किती वाटली याचा आकडा असतो, किती मुले सहा महिन्यांनी ती वापरत होती याचा नसतो. कानामागच्या यंत्राला साचा लागतो, तो त्याच कानाच्या मापाचा हवा. तान्ह्या मुलाचा कान इतका भराभर वाढतो की साचा दोन-तीन महिन्यांत सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. घरचे वैतागून आवाज कमी करतात. शिट्टी थांबते, ऐकणेही थांबते. नवा साचा घ्यायला कोणी सांगितलेले नसते, सेल संपले की यंत्र कपाटात जाते. हे सेल गिळले तर जिवावर बेतते, हेही शिबिरात सांगायला हवे.

पाचगणीत यात पावसाची भर. अठरा-वीस किलोमीटरवरच्या महाबळेश्वरइतका तो इथे कोसळत नसला, तरी जून ते सप्टेंबर धुके घरात शिरते, कपडे वाळत नाहीत. यंत्राच्या नळीत दव धरते, सेलची टोके हिरवी पडतात. उपाय साधा आहे: रात्री सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचे, साचा धुऊन नळी फुंकणीने कोरडी करायची.

यंत्राने पुरेसे ऐकू येत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शंखात तारा सरकवून नसेला थेट विद्युत संदेश देणारे साधन. त्याची गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅम क्लार्क यांच्यापाशी थांबल्याशिवाय सांगता येत नाही. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू यायचे. गिऱ्हाइकांना आपली नाजूक दुखणी दुकानात मोठ्याने सांगावी लागत. तो संकोच बघत मुलगा वाढला आणि कानाचा डॉक्टर झाला. नाजूक तारा शंखाच्या वेढ्यांत न मोडता कशा सरकवायच्या, हा पेच सुटत नव्हता. 1977 मध्ये समुद्रकिनारी सुट्टीवर असताना त्यांनी एका समुद्री शंखाच्या वेढ्यांत गवताचे पाते सरकवून पाहिले. टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेले पाते आत गेले. 1 ऑगस्ट 1978 रोजी मेलबर्नमध्ये त्यांनी आपले पहिले बहुवाहिनी इम्प्लांट बसवले. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. सँड्रा देसा सोझा यांनी 1987 मध्ये या शस्त्रक्रियेची वाट पाडली. त्यांना 2020 मध्ये, तर याच क्षेत्रातले डॉ. मिलिंद कीर्तने यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली.

आज केंद्राच्या एडिप योजनेतून गरजू कुटुंबांतल्या लहान मुलांना इम्प्लांट मिळते. त्याची सूत्रे वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहेत, ही संस्था 1983 पासून चालू आहे. साडेतीन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर मेंदूचे श्रवणकेंद्र सर्वांत चांगले जुळवून घेते. पण टाके सुकल्यावर यंत्र चालू करतात त्या दिवशी मूल ‘ऐकू लागले’ असे बातम्यांत येते, ते खरे नव्हे. त्या दिवशी त्याला नुसती खरखर जाणवते, बरीच मुले रडतात. मूल चार वर्षांचे असले तरी त्याचे श्रवणाचे वय त्या दिवशी शून्य असते. पुढे यंत्राचे वारंवार जुळवणे, वाणी-उपचार, काही वर्षांनी बाहेरचा भाग बदलणे. हा शेवटचा खर्च लाखांत जातो आणि त्याबद्दल वाटपाच्या समारंभात क्वचितच कोणी बोलते.

गेल्या काही वर्षांत कानात जनुक सोडून बहिरी मुले ऐकू लागल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी 2024 मध्ये चीन आणि अमेरिकेतून आलेले ते निकाल खरेच थक्क करणारे आहेत. पण तो उपचार ओटोफ या एकाच जनुकाच्या दोषावर आहे आणि असा दोष असलेली मुले मोजकी. त्या आशेवर यंत्र लांबणीवर टाकणे वेडेपणाचे.

खरे काम घरात, जागेपणीचा प्रत्येक तास. रोज सकाळी यंत्र लावल्यावर डॅनियल लिंग यांची सहा ध्वनींची परीक्षा घेतात: म्, ऊ, आ, ई, श्, स्. आईने तोंड झाकून एकेक ध्वनी काढायचा, मुलाने ऐकू आला की वाटीत एक शेंगदाणा टाकायचा. काल ‘स्’ला पडलेला दाणा आज पडला नाही, तर आधी सेल, मग नळी, मग कानातला मळ बघायचा. परीक्षेला मिनिट लागते आणि बिघाड त्याच दिवशी सापडतो.

मग बोलणे. टीव्ही बंद, मुलाच्या जवळ बसून, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. भाकरी थापताना ‘थप थप, ऐकलंस?’, कुकरची शिट्टी झाली की कानाला बोट लावून ‘शिट्टी झाली!’ एकेक शब्द घोकून घ्यायचा नाही, पूर्ण वाक्ये बोलायची. स्ट्रॉबेरीच्या हंगामात आई वाफ्यावर असते तेव्हा हे बोलणे आजीकडे जाते, म्हणून यंत्राचे शिक्षण आजीलाही हवे. पाचगणीजवळचे भिलार 4 मे 2017 पासून पुस्तकांचे गाव आहे. तिथल्या चित्रांच्या पुस्तकांचा मुलाला बोलते करायला फुकट आणि उत्तम उपयोग होईल.

खुणा करू नका, बोलणे मागे पडेल, असे अजून कित्येकदा बजावले जाते. हा दंडक फार ताणला जातो. शस्त्रक्रियेच्या रांगेत वर्ष काढणारे मूल त्या काळात भाषेविना राहणे हे जास्त मोठे नुकसान. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत 2015 मध्ये स्वतंत्र केंद्र निघाले, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला संवादाचे साधन मानले. अडचण एवढीच, की ती शिकवणारा माणूस घाटावर सहज सापडत नाही.

शाळेत जाताना दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र काढून ठेवावे. परीक्षेतल्या सवलती आणि सरकारी योजना त्यावर चालतात. पाचगणी निवासी शाळांचे गाव असले तरी उंच छताचे वर्ग घुमतात आणि पत्र्यावर पाऊस पडू लागला की शिक्षकांचा आवाज त्यात बुडतो. यंत्र पावसालाही तेवढेच मोठे करते. मुलाला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवावे. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. परवडत असेल तर शिक्षकांच्या गळ्यातला माइक थेट यंत्राशी जोडणारा संच घ्यावा. जादा सेल दप्तरात असावेत आणि ते बदलायचे कसे, हे वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात दाखवून द्यावे.