हवा भरणं सोपं, सोडणं अवघड

१९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग हे श्वसनयंत्र बनवलं आणि पाण्याखाली श्वास घेण्याचा प्रश्न सुटला. तरंगण्याचा प्रश्न तसाच राहिला. पाणबुडे कमरेला शिशाचा पट्टा बांधून उतरत. पुढे निओप्रीनचे पोशाख आले. त्यांतले वायूचे बारीक बुडबुडे थंडी अडवत, पण खोलवर दाबले जात. मग वर बेताचं वाटणारं शिसं खाली जड होई.

त्यावर तोडगा म्हणून गळ्यात घालायची, फुगवता येणारी जॅकेटं वापरात आली. मुळात ती जीव वाचवण्यासाठी होती. पृष्ठभागावर बेशुद्ध माणसाचं तोंड ती पाण्याबाहेर ठेवत. काहींत चाप ओढला की जॅकेट फुगवणारी कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी असे. १६ ग्रॅम वायू पृष्ठभागावर साधारण साडेआठ लिटर होतो. ३० मीटरवर दाब चौपट असल्याने दोन लिटरच्या आसपास उरतो. म्हणजे उचल जेमतेम दोन किलोंची. जिथे मदतीची सर्वांत जास्त गरज, तिथेच ती तोकडी पडे. शिवाय खाऱ्या पाण्याने चाप गंजे, आणि वापरलेली नळकांडी बदलायची राहून गेली तर चाप ओढूनही काही होत नसे.

१९६१ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस फेन्झी यांनी जॅकेटला हवेची छोटी बाटली जोडली. आता खोलवरही भरपूर उचल मिळू लागली, आणि धोका उलट्या बाजूने आला. ३० मीटरवर भरलेली हवा वर येताना चौपट फुगू पाहते. ती वेळेवर सोडली नाही तर जॅकेट माणसाला वेग वाढवत वर खेचतं. अशा वेळी घाबरून श्वास रोखला, तर फुप्फुसातली हवाही तशीच फुगते, फुप्फुस फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात. यासाठी फार खोल जावं लागत नाही. पोहण्याच्या तलावाची खोलीही पुरते.

१९७१ मध्ये स्कूबाप्रो कंपनीने अंगात घालायचं स्टॅबिलायझेशन जॅकेट आणलं. हवा छातीपुरती न राहता धडाभोवती पसरली, त्यामुळे शरीराचा तोल सुधारला. मुख्य सिलिंडरच्या नळीतून एका बटणावर हवा भरण्याची सोय रुळली, आणि तिच्यासोबत बटण अडकून जॅकेट आपोआप फुगत राहण्याचा धोकाही आला. म्हणूनच जादा दाब आपोआप सोडणारी झडप, हवा पटकन काढण्याची दोरी आणि नळी झटक्यात सोडवता येणारा जोड यांचं मोल मोठं आहे.

आज तारकर्लीत स्कूबा शिकणाऱ्याच्या अंगावर याच जॅकेटचा वारस, बीसीडी (तरंगण्यावर ताबा ठेवणारं जॅकेट) असतो. तो चढवणाऱ्या प्रत्येकाने हवा भरण्याआधी ती सोडायला शिकावं. नव्या झडपाही हे शिक्षण अनावश्यक ठरवत नाहीत.